पटकी: नजर पाण्यावर



बांगलादेशातलं मतलब.
तिथलं तळं निवळशंख दिसतं.
पण पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा जंतू डोळ्यांना दिसत नाही.
पाण्यातल्या इवल्या जिवांना तो चिकटून राहतो.
गावात कुणी आजारी नसलं, तरी राहतो.

म्हणून नजर ठेवायची ती पाण्यावर.
रुग्णाची वाट न पाहता, पाण्यावर.

तळ्याचं पाणी बारीक जाळीतून गाळतात.
उरलेला गाळ अल्कधर्मी द्रावणात ठेवतात.
काही तासांत जंतू वर जमतो,
दुधावर साय धरावी तसा.

जंतू मारायला पाणी उकळावं, तर मतलबमध्ये सरपण पुरत नसे.
शास्त्रज्ञ रिटा कॉलवेल यांच्या चमूनं सुचवली
जुनी सुती साडी, अनेक पदरी दुमडलेली.
बायकांनी ती कळशीच्या तोंडावर धरली, पाणी गाळलं.
पटकी जवळजवळ निम्म्यावर आली.