परदेशातील प्रायोगिक उपचार : आशा आणि विवेक

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



मंडळाच्या वैद्यकीय साहाय्य निधीकडे अलीकडे निराळ्या प्रकारचे अर्ज येऊ लागले आहेत. येथील डॉक्टरांनी हात टेकले, परदेशी एक नवा उपचार निघाला आहे, तरी प्रवासास व खर्चास साहाय्य व्हावे, अशी त्यांत विनंती असते. घरचे माणूस डोळ्यांदेखत खंगत असता ‘स्वस्थ बसा’ असे कोणत्या तोंडाने सांगावे? परंतु निधीतील पैसा अनेक घरांनी पोटाला चिमटा घेऊन दिलेला आहे, आणि अर्जदाराचे राहते घर तर बहुधा गहाण पडावयाचे असते. म्हणून येथे कळवळ्याइतकाच विवेकही हवा.

प्रायोगिक उपचार म्हणजे सरसकट थोतांड नव्हे. 2012 साली फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या सहा वर्षांच्या मुलीला तिच्याच रक्तातील पेशी संस्कार करून परत देण्यात आल्या, व ती बरी झाली. त्याच तत्त्वावरील उपचार पुढे मुंबईची आय. आय. टी. व टाटा मेमोरियल सेंटर यांच्या प्रयत्नांनी सिद्ध होऊन 2023 मध्ये त्यास भारतात मान्यता मिळाली. परदेशचा शोध घरी आला, तो नोंदलेल्या, तपासलेल्या प्रयोगांच्या वाटेने.

आता दुसरी बाजू पाहा. विख्यात अभिनेते स्टीव्ह मॅक्वीन कर्करोगावरील उपचारासाठी अमेरिका सोडून मेक्सिकोत गेले. तेथे त्यांना जे लेट्राइल देण्यात आले, ते जर्दाळूच्या बियांत आढळणाऱ्या द्रव्यापासून बनते. 1980 च्या नोव्हेंबरात मेक्सिकोतच शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. 1982 साली 178 रुग्णांवरील परीक्षेचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : लेट्राइलने गुण येत नाही, उलट काहींच्या रक्तात सायनाइडचे प्रमाण धोक्याच्या जवळ गेले. दुसरे उदाहरण एका इस्रायली मुलाचे. त्याला मॉस्कोत गर्भातील मूलपेशी टोचण्यात आल्या. चार वर्षांनी मेंदूत व मज्जारज्जूत गाठी आढळल्या, आणि त्या परक्या पेशींपासूनच वाढल्याचे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले.

तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. प्रयोग अधिकृतपणे नोंदलेला आहे काय, व त्यावर नीतिसमितीची देखरेख आहे काय? तो कोणत्या टप्प्यावर आहे? पहिल्या टप्प्यात मुख्यतः औषधाची मात्रा व सुरक्षितता पाहतात. रोगमुक्तीची हमी तेथे नसते. पैसा कोण घेतो? जो प्रयोग म्हणवितो आणि दुकानाप्रमाणे दाम आकारतो, त्याच्याविषयी सावध असावे. आणि अपाय झाल्यास जबाबदार कोण? भारतात 2019 च्या नियमांन्वये चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई देणे बंधनकारक आहे. परमुलुखी, परभाषेतील कागदावर सही करून आलेल्या कुटुंबास दाद मागणे दुर्घट होते. परतल्यावर येथील डॉक्टरांना काय टोचले हेच ठाऊक नसते.

आमची सूचना एवढीच, की निधीने प्रथम दोन स्वतंत्र तज्ज्ञांच्या सल्ल्याचा खर्च द्यावा. प्रवासाचा विचार त्यानंतर. आणि एखाद्या कुटुंबाने न जाण्याचे ठरविले, तर ‘पैशाकडे पाहिले’ असा बोल कोणी लावू नये. अखेरचे दिवस परक्या खोलीत न जाता आपल्या माणसांत, वेदनेवाचून जावेत, हीदेखील सेवाच आहे. त्या घरी जाऊन बसणे, रात्रीची जाग्रणे वाटून घेणे, हे काम ज्ञातीचे आहे. ते आपण करू, अशी उमेद बाळगून आम्ही आपली रजा घेतो.