गोचिडीचे बिऱ्हाड

जबलपूरहून नागपूरकडे निघाले म्हणजे नर्मदेवरचा तिलवारा घाट लागतो. १९४८ साली गांधीजींच्या अस्थी येथे विसर्जित झाल्या. येथेच दयोदय नावाची गोशाळाही आहे. अशा ठिकाणी गाईच्या एका क्षुद्र शत्रूची आठवण अप्रस्तुत ठरू नये. तो शत्रू म्हणजे गोचीड.

चिवट माणसाला गोचिडीची उपमा देण्याची रीत आहे. परंतु गोचीड जन्मभर चिकटून राहत नाही, आणि खरी मेख तेथेच आहे. गाईबैलांवर नेहमी आढळणारी गोचीड सुमारे तीन आठवडे एकाच जनावराच्या रक्तावर वाढते. मग टम्म फुगलेली मादी गळून पडते, आणि गोठ्याच्या भेगेत किंवा गवताच्या बुडाशी दोन-तीन हजार अंडी घालून मरते. त्यांतून निघालेली सहा पायांची पिले कित्येक आठवडे उपाशी राहून पुढच्या जनावराची वाट पाहतात. गाय नर्मदेत कितीही घासून धुतली, तरी हे बिऱ्हाड घरी शाबूतच असते.

रक्ताची चोरी हा तिचा लहान अपराध होय. गुरांचा टेक्सास ताप गोचिडीच पसरवते, हे थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ साली अमेरिकेत दाखवून दिले. भारतातही अशा तापाने जनावराची लघवी लाल होते. थायलेरियाचा ताप तर संकरित गाईंना विशेष जाचतो. माणूसही यातून सुटलेला नाही. १९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेलेला माकडताप २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्गात उद्भवला, तोही रानातल्या गोचिडीच्या दंशातूनच.

मग उपाय कोणता? औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने, सांगितलेल्या मात्रेतच लावावे. अपुऱ्या मात्रेतून वाचलेल्या गोचिडींची प्रजा पुढे औषधाला दाद देत नाही. ओढून काढलेली गोचीड उघड्या बोटांनी चिरडू नये. गोठ्याच्या भेगा बुजवाव्या, केरकचरा साठू देऊ नये, आणि नवे जनावर तपासल्यावाचून दावणीला बांधू नये.

जबलपुरात १९४८ पासून पशुवैद्यकाचे महाविद्यालय आहे. ज्ञानाची वाण नाही. गाईच्या पाठीवरून फिरणारा प्रेमाचा हात तेवढा गोठ्याच्या भिंतीपर्यंत पोहोचला पाहिजे. गोसेवा तेथे पुरी होते.