रोलर कोस्टरचा करारनामा

कलकत्त्याच्या पूर्वेस सॉल्ट लेक नावाची नगरी आहे. तिचे अधिकृत नाव बिधाननगर. मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या कल्पनेतून १९६२ साली तिच्या उभारणीस आरंभ झाला. युगोस्लाव अभियंत्यांनी गंगेचा गाळ नळांवाटे आणून तेथील पाणथळ भरून काढली. या भरावाच्या भूमीवर, राज्य सरकार व खाजगी उद्योग यांच्या भागीदारीतून, १९९१ साली निक्को पार्क उघडले आणि २००३ साली तेथे ‘सायक्लोन’ हा लाकडी रोलर कोस्टर धावू लागला.

अशा पाळण्याची पहिली चढण साखळीच्या ओढीने पार होते. पुढचा सारा प्रवास गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर. पण त्या भरवशाची तयारी फार आधी, कागदावर झालेली असते, आणि श्रोतेहो, त्या कागदाविषयीच मला आज बोलायचे आहे.

उद्यानाचा चालक प्रथम हिशेब मांडतो. गाडीत चोवीस आसने असली आणि दर दोन मिनिटांनी एक गाडी सुटली, तर तासाला सातशे वीस माणसे बसतात. या आकड्यावर रांगेची लांबी, तिकिटाचा दर आणि भांडवल परत येण्याची मुदत ठरते. मग मातीची परीक्षा होते. भरावाची जमीन असेल तर पायाचा खर्च वाढतो, आणि तो आराखड्यापूर्वी कळलेला बरा.

यानंतर निर्मात्याची निवड. जगात असे कारखाने मोजकेच आहेत. आपल्या खोपोलीजवळील इमॅजिका उद्यानात २०१३ साली सुरू झालेला ‘नायट्रो’ एका स्विस कंपनीने घडविला. येथे सरकारी खरेदीतील आपली जुनी सवय अडचणीची ठरते. खुर्च्या-टेबले न्यूनतम दराच्या निविदेवर घ्यावीत. ज्या यंत्रावर परक्यांची मुले बसणार, तेथे दरापूर्वी निर्मात्याचा पूर्वानुभव पाहिला पाहिजे.

चांगल्या करारात पैसे टप्प्याटप्प्याने दिले जातात: आराखडा मान्य झाल्यावर, माल पोहोचल्यावर, उभारणीनंतर. शेवटचा हप्ता चाचणी उत्तीर्ण होईपर्यंत राखून ठेवतात. आसनांवर माणसांच्या वजनाची ओझी ठेवून गाडी पुनःपुन्हा फिरवितात. त्रयस्थ तज्ज्ञाचा दाखला घेतात. सुटे भाग किती वर्षे मिळतील, चालकांना शिक्षण कोण देईल, हेही तेथेच लिहावे लागते. लाकडी मार्ग ऊन-पावसाने फुगतो, आकसतो. तो पायी चालून तपासणाऱ्या माणसाचा पगार हाही किमतीचाच भाग होय.

जुलै २०१९ मध्ये अहमदाबादेत कांकरिया तलावाकाठी एक झुलता पाळणा तुटला आणि दोघांचे प्राण गेले. अशा वेळी कोणती सही कोणाची, याचा शोध सुरू होतो. तो शोध सही करतानाच संपलेला असावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

करारात पक्षकार दोन असतात, विकणारा व घेणारा. पण ज्याच्यासाठी सारा खटाटोप, तो तिसरा. त्याने मसुदा वाचलेला नसतो. हातात तिकीट घेऊन, लेकराला शेजारी बसवून तो निश्चिंतपणे पट्टा आवळतो. त्याची निश्चिंती भाबडी ठरू नये, हे कलम कोणत्याही मसुद्यात लिहिलेले नसले, तरी बाकीची सारी कलमे त्याच्यासाठीच असतात.