टेलपर्यंत पोहोचायला हवं
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषणाचा मजकूर)



संस्थेला पंचवीस वर्षं पूर्ण झाली, सर्वांचं मनापासून अभिनंदन. ज्यांनी सुरुवातीची वर्षं पाहिली त्यांना आठवत असेल, पुण्या-मुंबईत शिकणाऱ्या लेकराशी बोलायचं म्हणजे रात्री दर कमी झाल्यावर एसटीडी बूथवर रांग लावायची. आज तेच लेकरू खिशातल्या फोनवर दिसतं. म्हणून आपण म्हणतो, शहर आणि गाव यांतलं अंतर संपलं. खरंच संपलं का, एवढंच आज बोलायचंय.

केंद्र सरकारच्या पाहणीनुसार 2017-18 मध्ये देशातल्या 100 घरांपैकी साधारण 24 घरांत इंटरनेटची सोय होती. 2025 च्या पाहणीत हा आकडा 86 वर गेला. वाढ मोठी आहे, ती नाकारायचं कारण नाही. पण हा आकडा घराचा आहे, माणसाचा नाही. घरात एक फोन असतो, तो मुलाच्या खिशात असतो, मुलगा कामाला बाहेर असतो आणि आई घरी असते. त्या आईची नोंद कुठे करायची?

आपल्या अर्धापूरच्या माणसाला हे कालव्याच्या भाषेत लगेच समजेल. इसापूरचं पाणी कालव्याला सुटलं, अशी बातमी येते. पण पाणी सुटणं वेगळं आणि टेलच्या शेतकऱ्याच्या केळीला मिळणं वेगळं. वरच्याचं भिजतं, टेलचा वाट बघत बसतो. इंटरनेटचंही तसंच झालंय. टॉवर आला, फोन आला, पण टेलचा माणूस अजून कोरडाच आहे.

सातबारा मोबाइलवर मिळतो. 2021 पासून पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपवर, शेतात उभं राहून फोटो काढून करायची आहे. किसान सन्मान निधीला ई-केवायसी लागतं. सोयी चांगल्या आहेत. पण ज्याला जमत नाही तो काय करतो? फोन दुसऱ्याच्या हातात देतो आणि म्हणतो, "बापू, तेवढं बघून दे की. ओटीपी आला का बघ." काम होऊन जातं. पण कशाला संमती दिली, कुठला नंबर जोडला, हे त्याला कळत नाही. पूर्वी अंगठा उठवताना कागदावर काय लिहिलंय ते कळत नव्हतं, आता ओटीपी सांगताना कळत नाही. माझ्या मते खरी दरी ही आहे.

व्यापारातही तेच. केळीचा सौदा करणाऱ्याच्या फोनवर चार बाजारांचे भाव सकाळीच येतात. बागवाल्याला तेवढेच कळतात जेवढे तो सांगेल. माल एकच, बागही तीच. पण भाव ठरवताना एकाच्या हातात माहिती आहे आणि दुसऱ्याच्या हातात नाही.

यावर सहकारातूनच एक वाट निघाली होती. 1998 मध्ये वारणानगरला 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. वारणेच्या सहकारी संस्था, केंद्र आणि राज्य सरकार यांनी मिळून कोल्हापूर-सांगली भागातली 70 गावं संगणकाने जोडायचं ठरवलं. त्या काळात केवढी मोठी गोष्ट! त्या संगणकांवर शेती, शिक्षण, आरोग्य असं बरंच काही देण्याचा विचार होता. पण प्रत्यक्षात टिकलं ते उसाचं काम: लागणीची नोंद, तोडणीची परवानगी, वजनाचा हिशेब, खताची खरेदी. कारण लोकांना त्याची रोज गरज होती. पुढे संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिले. काम तेच, खर्च कमी. शिवाय शेतकऱ्याला आपल्याच फोनवरून आपला हिशेब विचारता येऊ लागला. यातून आपण दोन गोष्टी घ्याव्यात. गरजेच्या कामापासून सुरुवात करावी, आणि यंत्र शेवटी ज्याचं काम त्याच्याच हातात जावं.

हा आता नुसता सोयीचा प्रश्न राहिलेला नाही. 30 एप्रिल 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. ते प्रकरण अ‍ॅसिड हल्ल्यातल्या पीडितांचं आणि अंध व्यक्तींचं होतं. ई-केवायसीसाठी डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात, ती त्यांना कशी जमणार? म्हणजे माणसाने यंत्रासारखं व्हायचं नाही, यंत्रणेने माणसाला जुळवून घ्यायचं.

आता आपल्या संस्थेपुरतं बोलतो. तीन सूचना आहेत, खर्च जवळपास नाही.

पहिली, सभेची सूचना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जरूर टाका, पण फलकावरही लावा आणि ज्येष्ठांच्या हातात कागद द्या. ग्रुपमध्ये नाही म्हणून सभासदाचा हक्क कमी होत नाही.

दुसरी, दर रविवारी एक तास संस्थेचं कार्यालय उघडं ठेवा. कॉलेजच्या मुला-मुलींनी तिथे बसावं. नियम एकच: शिकवणाऱ्याने हात मागे बांधून बसायचं. फोन शिकणाऱ्याच्या हातात, बटण त्यानेच दाबायचं. वेळ लागेल, लागू द्या. ओटीपी कुणाला सांगायचा नाही आणि फसवणूक झालीच तर ताबडतोब 1930 वर फोन करायचा, हे पहिल्याच रविवारी शिकवा.

तिसरी, हा तास फक्त सभासदांसाठी ठेवू नका. वॉचमन, धुणीभांडी करणाऱ्या मावशी, दूधवाले, कोपऱ्यावरचे भाजीवाले, सगळ्यांना येऊ द्या. भाजीवाल्याच्या गाड्यावर क्यूआर कोड आहे, पण पैसे खरंच जमा झाले का, हे त्याला स्वतःला वाचता आलं पाहिजे.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण एकेकट्याला न झेपणारं घर एकत्र येऊन उभं केलं. हे काम त्याहून सोपं आहे. येत्या रविवारीच सुरू करा. मी पहिल्या दिवशी हजर राहीन.