जुन्या फाइली आणि नवी वर्गणी



छोट्या प्रकाशकांना डिजिटल कामासाठी पैसा कुठून मिळेल, यावर बोलायला मला सांगितलंय. मी सॉफ्टवेअर इंजिनियर, प्रकाशक नाही. सुट्टीच्या दिवशी मीरा रोडच्या घरी बसून एका छोट्या प्रकाशकांच्या जुन्या फाइली दुरुस्त करतो, एवढाच माझा अधिकार.

आधी त्या फाइलींबद्दल सांगतो, म्हणजे पैसा नेमका कशाला लागतो ते कळेल. युनिकोड रुळण्याआधी, आणि बऱ्याच ठिकाणी नंतरही, मराठी पुस्तकं पेजमेकरमध्ये श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फॉन्टांत जुळवली जात. पडद्यावर 'क' दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे भलतंच चिन्ह असतं. फॉन्ट काढला की सगळ्या पानाची खिचडी. असा मजकूर शोधता येत नाही आणि अंध वाचकाला यंत्र तो वाचून दाखवू शकत नाही. रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत. पण साधी ऱ्हस्व वेलांटी घ्या. जुन्या फॉन्टांत ती अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. जोडाक्षर आलं, वर रफार आला की गडबड सुरू. आपल्या पुस्तकांत तर उर्दू-दखनी शब्द, अरबी नावं. 'ख़'चा नुक्ता उडाला तर यंत्राला त्याचं काहीच वाटत नाही. शेवटी ओळ न् ओळ वाचणारा माणूस लागतो, आणि त्याला मराठीइतकेच हे शब्दही ओळखीचे हवेत. या खोलीत अशी माणसं बसली आहेत. पुण्या-मुंबईच्या बड्या कंपनीत ती शोधावी लागतील.

या कामाला देणगीदार मिळत नाही. 'आमचं अ‍ॅप काढा' म्हणणारे मिळतात. माझा अ‍ॅपला विरोध आहे, आणि अ‍ॅप बनवूनच माझं घर चालतं! उद्घाटनाचा फोटो छान येतो, पण पुढे दरवर्षी त्याची देखभाल कोण करणार? स्वच्छ युनिकोड मजकूर आणि त्याचं ईपब कुठल्याही फोनवर उघडतं.

सरकारी मदत आहे, पण ती कागदामागे जाते. साहित्य आणि संस्कृती मंडळाचं नवलेखक अनुदान पहिलं पुस्तक छापण्यासाठी असतं. ग्रंथालयांची खरेदी मुख्यतः छापील प्रतींची. करातही तेच. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण ई-पुस्तकावर १८ टक्के होता. छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकांसाठी तो जुलै २०१८ मध्ये ५ टक्क्यांवर आला. कॅनडाने २०१९ च्या अर्थसंकल्पात अपंग वाचकांना वाचता येतील अशा डिजिटल पुस्तकांसाठी पाच वर्षांत २ कोटी २८ लाख डॉलर ठेवले. आपल्याकडे असं काही मागायलाच हवं. पण तोवर वाट बघायची का?

१९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. फ. म. शहाजिंदे अध्यक्ष होते, प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारखी माणसं त्या चळवळीमागे होती. त्या पिढीने आपण मराठीत लिहितो हे ठणकावून सांगितलं. तशी पुस्तकं छोट्या प्रकाशकांनी, कधी लेखकांनी स्वतःच्या पैशाने काढली. प्रती थोड्या, दुसरी आवृत्ती क्वचित. 'मुसलमान मराठीत काय लिहितात?' असं कोणी विचारलं तर मोबाइलवर दाखवायला आपल्याकडे किती पुस्तकं आहेत? ज्या संगणकावर ती जुळवली तो भंगारात गेला की प्रश्नच मिटतो.

पैसे उभे करायची रीत मराठीत जुनीच आहे. श्री. व्यं. केतकरांनी ज्ञानकोशासाठी चक्क लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार जमवले आणि २३ खंड पुरे केले. पुढे यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने ते इंटरनेटवर आणले. सत्तरच्या दशकात ग्रंथालीने वाचकांना जोडून चळवळ उभी केली. १९७८ साली 'बलुतं' तिथूनच आलं.

माझा हिशेब साधा आहे. मीरा-भाईंदर ते मुंब्रा, पाचशे जणांनी महिन्याला शंभर रुपये दिले तर वर्षाला सहा लाख होतात. जकात यासाठी चालते का, ती चर्चा जाणकारांवर सोडतो; मी वर्गणीबद्दल बोलतोय. हा पैसा एकाच प्रकाशकाला देऊ नये. चार-पाच प्रकाशकांनी मिळून एक स्कॅनर, एक टाइपसेटर आणि दोन मुद्रितशोधक ठेवावेत. मुद्रितशोधकाला मोबदला मिळालाच पाहिजे, 'सेवा' म्हणून फुकट नको. लेखकाच्या वारसांशी लेखी करार आधी व्हावा. आपल्या कायद्यात कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, त्यामुळे 'जुनं पुस्तक आहे, टाका नेटवर' हे चालणार नाही. आणि तयार मजकुराची एक प्रत प्रकाशकाकडे, एक वारसांकडे द्यावी. उद्या मी कंटाळलो तरी पुस्तक अडकू नये.

मी एक वही दाराजवळ ठेवली आहे. वर्गणी आज नको. घरात, नातेवाइकांकडे एखादं मराठी पुस्तक, जुनी सीडी, पेजमेकरची फाइल असेल तर तिचं नाव तेवढं लिहून जा. आधी यादी होऊ द्या, मग पहिलं पुस्तक कोणतं घ्यायचं ते पुढच्या बैठकीत ठरवू.