न्याहारीची बेगमी

(नभोवाणीवरील भाषण)

बोरीवलीच्या फलाटावर सकाळीं साडेसहा वाजतां जो मनुष्य उभा असतो, त्याला न्याहारी काय केली असें विचारलें तर बहुधा एकच उत्तर मिळेल : चहा, आणि चहांत बुडविलेलीं दोन बिस्किटें. साडेसहाची गाडी गांठावयाची तर घरांतून सहाला निघावें लागतें, आणि सहाला निघावयाचें तर पोह्यांना फोडणी पांच वाजतां पडली पाहिजे. ती घालावयाची कोणी? पुष्कळ घरांत फोडणी घालणारी गृहिणीच आतां त्याच गाडीला जाते. ५ मे १९९२ रोजीं चर्चगेट व बोरीवली यांच्या दरम्यान केवळ स्त्रियांसाठीं अशी पहिली उपनगरी गाडी सुटली, तेव्हां ही गोष्ट रेल्वेच्या वेळापत्रकांतहि नमूद झाली असें म्हणावयास हरकत नाहीं. घरांतील इतरांच्या पोटाची सोय लावून ती स्वतः मात्र उपाशी निघते. अंधेरी येईपर्यंत चहाची ऊब ओसरते, आणि दहाच्या सुमारास कचेरीखालच्या गाडीवरील वडा-पावावर भूक भागवावी लागते. वडा-पावाला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. पण रोज, वर्षानुवर्षें, पहिलें अन्न तेंच असावें हें कोणाच्याहि प्रकृतीला हितावह नाहीं.

दुपारच्या जेवणाची तोड या शहरानें फार पूर्वींच काढली. डबेवाल्यांची परंपरा १८९० पासूनची सांगतात. जानेवारी १९२८ मध्यें विजेची गाडी बोरीवलीपर्यंत धांवूं लागली आणि साष्टींतील या गांवांतून रोज शहरांत जाऊन परत येणें सुकर झालें. माणूस पुढें आणि त्याचा डबा मागून, अशी व्यवस्था त्या काळांत रुळली. परंतु न्याहारीला डबेवाला नाहीं. ती घरांतच, आणि निघण्यापूर्वींच, तयार असली पाहिजे. म्हणजे ती आदल्या दिवशीं केलेली असली पाहिजे.

बेगमी हा शब्द मराठी गृहिणीला नवा नाहीं. पापड, कुरडया, सांडगे हीं सारीं बेगमीचीं नांवें होत. मात्र ती बेगमी वर्षाची, आणि तिचें सारें रहस्य उन्हांत वाळविण्यांत. तीन दिवसांची ओली बेगमी ही निराळी विद्या आहे. शीतकपाट घरोघरीं आल्यानंतरच ती शक्य झाली, आणि तिचे नियम अजून पुष्कळ स्वयंपाकघरांत नीटसे बसलेले नाहींत. अशा बेगमीला सोयीचा असा एक पदार्थ म्हणजे भाज्या घालून भट्टींत भाजलेल्या अंड्याच्या लहान वाट्या. बाजारांत व पाकपुस्तकांत त्यांना ‘मफिन’ म्हणतात.

हें नांव जरा फसवें आहे. मफिन म्हटलें कीं इराण्याच्या दुकानांतील कागदी द्रोणांतला मावा केक डोळ्यांपुढें येतो. या वाट्यांचा त्याच्याशीं संबंध आकारापुरताच. यांत मैदा नाहीं, साखर नाहीं, फुगविण्याची पूडहि नाहीं. दूध घालून फेंटलेलें अंडें भाज्यांभोंवतीं गोठतें, एवढाच हा पदार्थ. आणि मुंबईला तो अगदीं परका आहे असेंहि नाहीं. शिजलेल्या भाजीवर अंडीं फोडून, झांकण ठेवून तीं वाफेवर गोठवावयाचीं ही पारशी घरांतील जुनी रीत. भेंडीवर अंडें, टोमॅटोवर अंडें, बटाट्याच्या सळ्यांवर अंडें. ‘पर ईडु’ असें त्या प्रकाराचें नांव. वरून आंच देऊन भाजणें तरी कोठें नवें आहे? गोव्याचें बेबिंक झांकणावर निखारे ठेवूनच थरावर थर भाजलें जात असे. विजेच्या भट्टीनें निखाऱ्याचें काम खटक्यावर आणलें, एवढेंच.

आतां कृति. बारा वाट्यांना आठ अंडीं, शंभर मिलिलिटर दूध, परतलेली भाजी पाव किलो, मीठ एक सपाट लहान चमचा, मिरपूड, एक-दोन हिरव्या मिरच्या आणि मूठभर कोथिंबीर. आवड असल्यास किसलेलें पनीर किंवा चीज. चीज घातल्यास मीठ कमी करावें, कारण तें मुळांतच खारट असतें. भाजी म्हणजे ढोबळी मिरची, गाजर, फरसबी, मटार, कांद्याची पात, पालक. यांतील तीन पुरेत. कच्ची भाजी चारशें ग्रॅम घेतली तर परतून पाव किलोच्या आसपास राहते. स्टेशनबाहेर संध्याकाळीं निवडून, चिरून ठेवलेली भाजी मिळते, आणि परतीच्या गाडींत बायकांच्या डब्यांत मांडीवर पिशवी घेऊन शेंगा सोलणाऱ्या, पालक निवडणाऱ्या स्त्रियाहि मुंबईकरांनीं पाहिलेल्या आहेत. म्हणजे अर्धी तयारी घाटकोपर येण्यापूर्वींच होऊन जाते. चिरलेली विकत घेतलेली भाजी मात्र घरीं आणल्यावर धुवावी. पावसाळ्यांत पालेभाजी तर तीन पाण्यांतून काढावी.

या पदार्थाचें सारें यशापयश पाण्यावर आहे. टोमॅटो, पालक, ढोबळी मिरची यांच्या वजनाचा नऊ-दशांशाहून अधिक भाग पाणीच असतो. भाजी कच्ची घातली तर भट्टींत तें पाणी सुटतें, तळाशीं साचतें, आणि दुसऱ्या दिवशीं डबा उघडावा तों वाटी ओल्या स्पंजासारखी झालेली असते. म्हणून भाजी मोठ्या आंचेवर, थोड्या तेलावर, मीठ घालून, झांकण न ठेवतां परतावी. मिठानें पाणी सुटतें तें तेथेंच आटूं द्यावें. पालक परतून हातानें घट्ट पिळावा. टोमॅटोचा बियांचा गर काढून टाकावा. मग भाजी ताटांत पसरून निवूं द्यावी. गरम भाजीवर अंडें ओतलें तर तें तेथेंच गुठळ्या धरतें. या कामाला पंधरा मिनिटें लागतात, आणि घाईंत नेमकीं हींच पंधरा मिनिटें वगळलीं जातात.

दुसरी चूक उलट्या बाजूची, म्हणजे अधिक भाजण्याची. अंड्याचा पांढरा भाग साधारण ६२ अंश सेल्सियसला गोठूं लागतो, बलक ६५ ते ७० च्या दरम्यान. दुधानें मिश्रण पातळ होतें, म्हणून तें थोडें उशिरां आणि अधिक मऊ गोठतें. परंतु आंच बराच वेळ राहिली तर गोठलेलें प्रथिन आवळत जातें आणि आपल्यांतील पाणी पिळून बाहेर टाकतें. मग वाटी रबरासारखी चिवट आणि तरीहि तळाशीं ओली, असा दुहेरी तोटा. कडेला हिरवट-करडी झांक येते तीहि अशा जादा आंचेचीच खूण. बलकांतील लोह आणि पांढऱ्यांतील गंधक यांच्या संयोगानें ती येते. ती अपायकारक नाहीं, पण ताटांत शोभत नाहीं.

अंडीं एकेक वेगळ्या वाटींत फोडून पाहावीं. आठवें अंडें खराब निघालें म्हणून आधींचीं सात फेंकण्याचा प्रसंग ज्या घरीं एकदां आला तेथें ही संवय पुन्हां शिकवावी लागत नाहीं. दूध, मीठ, मिरपूड घालून हलकेंच फेंटावें. फेंस काढण्याचें कारण नाहीं. साच्याच्या खळग्यांना तेल किंवा तूप सढळ हातानें लावावें, कारण अंडें चिकटलें कीं साचा घांसतां घांसतां न्याहारीचा सारा आनंद मावळतो. कागदी द्रोण वापरले तरी त्यांनाहि आंतून तेल लावावें. भाजी अगोदर खळग्यांत सारखी वांटावी आणि मग वरून अंडें, तीन-चतुर्थांश भरेल इतकें, ओतावें. दोन्हीं एकत्र कालवून ओतलीं तर पहिल्या चार वाट्यांत नुसतें अंडें आणि शेवटच्यांत नुसती भाजी येते. भट्टी दहा मिनिटें आधीं १८० अंशांवर तापवावी आणि वीस ते बावीस मिनिटें भाजावें. मधोमध बोट दाबलें असतां लवचीक लागावें, सुरी खुपसून काढली तर स्वच्छ निघावी. उष्णतामापक असल्यास आंत ७१ अंश भरावेत. भट्टींतून काढतांना वाट्या टोपीसारख्या फुगलेल्या असतात आणि दोन मिनिटांत बसतात. तें बिघडल्याचें लक्षण नव्हे, आंतली वाफ निवाली एवढाच त्याचा अर्थ. लहान भट्टींत सहा खळग्यांचाच साचा मावतो. तेव्हां दुसऱ्या फेरीचें मिश्रण तोंवर थंडाईंत ठेवावें.

ज्या घरीं भट्टी नाहीं तेथें काय? मुलुंड असो कीं अंधेरी, एका खोलींत किंवा दोन खोल्यांत संसार करणाऱ्यांच्या ओट्यावर भट्टीला जागा नसते. त्यांच्याकडे आप्पेपात्र असतें, आणि खरें सांगावयाचें तर या पदार्थाला तें भट्टीपेक्षां फारसें उणें नाहीं. मंद आंचेवर झांकण ठेवून चार-पांच मिनिटें, उलटून आणखी दोन. भाजी मात्र बारीक चिरावी. इडलीच्या साच्यांतहि बारा ते पंधरा मिनिटें वाफवून होतें. त्याला खरपूसपणा येत नाहीं, पण मऊपणा अधिक. कुकरांत मीठ किंवा वाळू तापवून भट्टी करण्याची युक्ति पुष्कळजणी सांगतात. त्या उत्साहाची तारीफ करावी, परंतु त्यांत उष्णमान किती झालें तें कळत नाहीं, आणि कोरडा तापविलेला कुकर पुढें वरणभाताच्या कामाचा राहीलच असें नाहीं.

येथपर्यंतची चूक चवीची. यापुढची चूक पोटाची. शिजविलेलें अंडें मुंबईच्या दमट हवेंत ओट्यावर रात्रभर ठेवणें हा उघड धोका आहे. ५ ते ६० अंशांच्या मधल्या उष्णमानांत जंतु झपाट्यानें वाढतात, आणि उपनगरांतील स्वयंपाकघर बारा महिने त्याच पट्ट्यांत असतें. म्हणून वाट्या साच्यांतून काढून जाळीवर वेगवेगळ्या ठेवाव्या, पंख्याखालीं निवूं द्याव्या, आणि दोन तासांच्या आंत थंडाईंत जाव्या. वैशाखाच्या उकाड्यांत एका तासाच्या आंतच. गरम असतांना डब्यांत कोंडल्या तर झांकणाला घाम सुटतो आणि तें पाणी पुन्हां वाट्यांवरच ठिबकतें. ४ अंशांच्या थंडाईंत तीन, फार तर चार दिवस त्या टिकतात. रविवारीं सायंकाळीं केलेल्या बुधवारपर्यंत संपवाव्या. बर्फाच्या कप्प्यांत, एकेक वेगळी गुंडाळून ठेवल्यास महिना-दीड महिना चालतात. वीज तासन्‌तास गेली तर, १२ ऑक्टोबर २०२० रोजीं साऱ्या मुंबईची गेली होती तशी, थंडाईचें दार उगाच उघडूं नये. चार तासांहून अधिक खंड पडला असल्यास हा डबा टाकून द्यावा. आठ अंड्यांचा मोह अशा वेळीं फार वाईट.

सकाळीं वाटी वाफ निघेपर्यंत गरम करावी : तव्यावर पाण्याचा हबका मारून झांकण ठेवल्यास तीन-चार मिनिटें, सूक्ष्मलहरींच्या यंत्रांत अर्धें-पाऊण मिनिट. ती तेथेंच, उभ्या उभ्या का होईना, खावी. डब्यांत घालून गाडींत खावयाची असेल तर बसतांच खावी. कोमट वाटी अकरापर्यंत दप्तरांत ठेवण्यापेक्षां न नेलेली बरी. दोन वाट्या म्हणजे सव्वा अंड्याहून थोडें अधिक, म्हणजे साधारण आठ ग्रॅम प्रथिन, शिवाय भाजी. सोबत एक पोळी असली कीं न्याहारी पुरी झाली.

एका अडचणीचा उल्लेख टाळून चालणार नाहीं. घाटकोपर, मुलुंड, बोरीवली येथें अशा अनेक इमारती आहेत कीं जेथें अंड्याचा वास जिन्यांत आला तरी कपाळावर आंठ्या पडतात, आणि भाड्याची खोली देतांना हा प्रश्न आधीं विचारला जातो. मराठी घरांतहि एके काळीं अंड्याची कढई वेगळी असे आणि ती स्वयंपाकघराबाहेर, गॅलरींतील स्टोव्हवर चढे. अंड्यावरचा वाद सरकारदरबारींहि गेलेला आहे : महाराष्ट्रांत शाळांतील पोषण आहारांत आठवड्यांतून एकदां अंडें देण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२३ मध्यें झाला, न खाणाऱ्यांना केळें देण्याची सोय त्यांत होती, आणि जानेवारी २०२५ मध्यें अंड्यांसाठींचा निधि बंद करण्यांत आला. कोणीं काय खावें हें दुसऱ्यानें ठरविणें बरें नव्हे. तसेंच एकाच घरांत सासूबाईंना अंडें चालत नसतां त्यांच्याच भांड्यांत तें भाजणें हेंहि बरें नव्हे. साचा वेगळा ठेवावा, आणि त्यांच्यासाठीं त्याच भाज्या डाळीच्या पिठांत घालाव्या : एक वाटी बेसन, एक वाटी पातळ ताक, मीठ, हळद, ओवा आणि चमचाभर तेल. भट्टींत हें पीठ पांच मिनिटें अधिक घेतें. तें थोडें कोरडें होतें, म्हणून बरोबर चटणी द्यावी. घरांतील अंडीं खाणारीं मुलेंहि पुष्कळदां याच वाट्या उचलतात, तेव्हां त्या दोन जास्त कराव्या.

बुधवारीं रात्रीं डब्यांत एक-दोन वाट्या उरल्या तर गुरुवारच्या सकाळीं त्या पुन्हां ताटांत आणूं नयेत. तिन्ही सकाळीं तेंच खाऊन मुलें कंटाळलेलीं असतात. त्यांचे चौकोनी तुकडे करून, कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा रस्सा उकळूं लागला कीं त्यांत सोडावे आणि खदखदून उकळी येऊं द्यावी. रात्रीच्या भाताला तेवढा रस्सा चौघांना पुरतो.