धड्यातली बाई आणि बाकावरची मुलगी

(तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात एका शिक्षिकेने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिलाय, ‘अकरावी-बारावीला समाजशास्त्र आणि राज्यशास्त्र कसं शिकवावं’. तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल, हे आमच्यापुढे कशाला? आम्ही पोटगीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो, रेशनच्या दुकानापुढे भांडतो, त्यात ज्युनिअर कॉलेजचा अभ्यासक्रम कुठून आला?

मी एवढंच म्हणते, ते वय बघा. सोळा ते अठरा. याच दोन वर्षांत मुलीला ‘स्थळं’ यायला लागतात. याच दोन वर्षांच्या शेवटी तिला मताचा हक्क मिळतो. आणि लहान गावातल्या कितीतरी मुलींच्या बाबतीत इथेच शिक्षण संपतं. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा आकडा काय निघाला? वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी शंभरात जवळजवळ बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा. त्यानंतरची ही गोष्ट. तुमच्याकडे पंचवीस-तीस वर्षांची बाई केस घेऊन येते, ती त्याआधी दहा वर्षं कुणाच्या तरी वर्गात बाकावर बसलेली असते. तिथे तिला काय शिकवलं गेलं, हा तुमचाही प्रश्न आहे.

आणि बसलेली असते बहुधा आर्ट्सच्या वर्गात. भाऊ सायन्सला, बहीण आर्ट्सला. ‘आर्ट्सला घातलीय, तेवढंच बारावी होईल’ असं आई-बाप प्रवेशाच्या रांगेत उभे राहून सांगतात. अकरावीला समाजशास्त्रात सामाजिक संस्था, सामाजीकरण, स्तरीकरण असे धडे असतात. बारावीला सामाजिक चळवळी, सामाजिक समस्या. नावं ऐकून तुम्हाला वाटेल, वा, हे तर आपलंच! पण ते पोचतं कसं? गाईडमधून, मुद्दे पाडून. बालविवाहाची कारणं पाच, परिणाम पाच, उपाय चार. मुलगी हे सगळं पाठ करते, सुवाच्य अक्षरात लिहिते, चांगले मार्क मिळवते, आणि निकालाच्या आधी तिच्या हाताला हळद लागलेली असते. बिनचूक लिहिलेलं ते उत्तर आणि ती हळद यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. आमच्या विषयात शिकवण्यासारखं जे काही आहे ते या संबंधात आहे.

मग करायचं काय? मी जे करत आले ते सांगते. फार मोठं काही नाही.

कुटुंबाचा धडा सुरू करताना मी व्याख्या लिहून देत नाही. वंशावळ काढायला सांगते. मुलं भराभर लिहितात: वडील, आजोबा, पणजोबा, कुणी कुणी थेट खापरपणजोबापर्यंत. मग मी म्हणते, आता आईच्या आईचं नाव लिहा. तिचं माहेरचं आडनाव लिहा. तिच्या आईचं लिहा. वर्ग गप्प होतो. पुष्कळांना आजीचं लग्नाआधीचं नावच माहीत नसतं. मी म्हणते, घरी जाऊन विचारून या. दुसऱ्या दिवशी जी माहिती येते ती कुठल्याच पुस्तकात सापडायची नाही. एकीची आजी म्हणाली होती, ‘अगं, ते नाव घेऊन मला साठ वर्षांत कुणी हाक मारली नाही.’ पितृवंशीय कुटुंब म्हणजे काय, हे त्यानंतर वेगळं समजवावं लागत नाही.

याला जोडून दोन गोष्टी सांगता येतात. साताऱ्यात २०११ साली जिल्हा परिषदेनं ‘नकुशा’ नावाच्या मुलींना नवी नावं देण्याचा कार्यक्रम घेतला होता. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, दहा वर्षं आधी ९१३ होत्या. नाव आणि आकडा शेजारी शेजारी ठेवले की मुलं आपणहून बोलायला लागतात. दुसरं म्हणजे, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात आपल्या राज्यानं आईचं नाव घालायचं ठरवलं. स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. मुलांना विचारावं, यानं काय बदलेल आणि काय बदलणार नाही? शेतीच्या उताऱ्यावर आईचं नाव आहे का? महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलग्यांसारखा हक्क १९९४ च्या दुरुस्तीनं आला, देशभर २००५ साली. घरात बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली गेलेली असते, ते मुलांनी पाहिलेलं असतं. फक्त त्याला नाव नसतं.

नातेसंबंधांचा धडा आला की इरावतीबाई कर्व्यांचं काम थोडं तरी सांगावं. १९५३ साली त्यांचा भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा ग्रंथ आला. उत्तरेची रीत वेगळी, दक्षिणेची वेगळी, आणि महाराष्ट्र मध्ये, दोन्हीकडचं घेऊन बसलेला. मामाच्या मुलीशी लग्न हे आपल्याकडे कितीतरी जातींत चालतं. हे सांगितलं की वर्गात खसखस पिकते आणि दोन-तीन मुली माना खाली घालतात, कारण त्यांचं लहानपणीच ठरवून ठेवलेलं असतं. त्या वेळी मी त्यांच्याकडे बघत नाही. फळ्याकडे वळते. शिकवण्यात हेही येतं, कुठे बघायचं नाही ते.

दुसरा माझा आवडता धडा वेळेचा. एका रविवारी घरातलं प्रत्येक माणूस उठल्यापासून झोपेपर्यंत काय करतं, तासातासानं लिहून आणायचं. मुलग्यांनी आईचा दिवस लिहायचा, मुलींनी वडिलांचा. एका मुलानं लिहून आणलं, ‘आई दुपारी मोकळी असते.’ मी विचारलं, मोकळी म्हणजे? म्हणाला, ‘गहू निवडते, गोधडीला टाके घालते.’ सगळा वर्ग हसला, मग तोही हसला. त्यानंतर मी केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाचा आकडा फळ्यावर लिहिते: बिनमोबदला घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, करणाऱ्या पुरुषाचे ९७. आणि ‘करणारा’ या शब्दाखाली रेघ मारते, कारण असं काम त्या दिवशी केलं म्हणणाऱ्या बायका शंभरात एक्याऐंशी आणि पुरुष सव्वीस. आकडा आधी दिला तर तो पाठ होतो. स्वतःच्या घरचा हिशोब आधी मांडला की आकडा अंगावर येतो.

जातीबद्दल मात्र फार जपून. वंशावळ काढायला सांगितली, तशी ‘आपापल्या जातीची माहिती लिहा’ असं मी कधीही सांगत नाही. वर्गात कोण कुठल्या जातीचं हे मुलांना चांगलं ठाऊक असतं. ऑफिसातून शिपाई येतो आणि भर वर्गात स्कॉलरशिपची यादी वाचून दाखवतो. त्यात माझी भर नको. मी सुरुवात करते बाबासाहेबांच्या १९१६ च्या निबंधापासून. पंचवीस वर्षांचा विद्यार्थी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वाचलेला निबंध. त्यात ते म्हणतात की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न करण्यामुळे, आणि सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या रूढी त्यासाठीच राबवल्या गेल्या. बारावीच्या मुलांना हे नीट समजतं. एका मुलानं विचारलं होतं, ‘म्हणजे बाई, गावात प्रेमप्रकरणावरून मारामाऱ्या होतात त्या याच्यासाठीच का?’ जात हा एक धडा आणि स्त्रियांचे प्रश्न हा दुसरा, अशी जी फाळणी पुस्तकात असते ती या एका प्रश्नानं मोडते. शर्मिला रेगे आयुष्यभर पुण्याला हेच शिकवत होत्या. त्यांना जाऊन २०१३ पासून इतकी वर्षं झाली, पण विद्यापीठातलं ते मंथन ज्युनिअर कॉलेजच्या वर्गापर्यंत फारसं पोचलं नाही, असं माझं मत आहे.

आणि मुक्ता साळवे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांग समाजातली विद्यार्थिनी. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघाला १९१९ ला, म्हणजे त्यानंतर चौसष्ट वर्षांनी. मी मुलींना म्हणते, तुमच्याहूनही लहान होती ती, आणि आपल्या समाजाबद्दल कुणाच्या गाईडमधून बघून तिनं लिहिलं नव्हतं.

आता राज्यशास्त्राकडे येते. मुलांना हा विषय म्हणजे कलमं आणि घटनादुरुस्त्यांचे क्रमांक वाटतो. मी क्रमांक उलट्या बाजूनं शिकवते. गावची सरपंच कोण? नाव सांगतात बाईचं. सह्या कोण करतं? ती. खुर्चीवर कोण बसतं? मग हसू. त्र्याहत्तरावी दुरुस्ती १९९३ साली अमलात आली, एक तृतीयांश जागा बायकांना. महाराष्ट्रानं २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. विधानसभा-लोकसभेचं विधेयक १९९६ ला प्रथम मांडलं गेलं, मंजूर झालं २०२३ ला, आणि तेही जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना यांना बांधून. पंचायतीत लवकर मिळालं, संसदेत सत्तावीस वर्षं का लागली, यावर मी निबंध लिहायला लावते. मुलं इतकी नेमकी कारणं लिहितात की पुढाऱ्यांनी वाचावीत.

मथुरेचा खटला मी दरवर्षी शिकवते. आपल्याच राज्यातल्या, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजची ती आदिवासी मुलगी. १९७२ साली पोलीस ठाण्यात बलात्कार झाला तेव्हा ती जवळपास माझ्या विद्यार्थिनींच्याच वयाची होती. उच्च न्यायालयानं पोलिसांना दोषी ठरवलं, सर्वोच्च न्यायालयानं १९७८ ला सोडलं, अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत म्हणून. हे ऐकल्यावर वर्गात जी शांतता होते ती लगेच मोडायची नाही. मग सांगायचं की १९७९ साली चार जणांनी सर्वोच्च न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर. ते चौघंही कायदा शिकवणारे होते. त्यातून देशभर मोर्चे निघाले, संघटना उभ्या राहिल्या, १९८३ ला कायदा बदलला. संमती नसणं आणि प्रतिकार करता न येणं या दोन गोष्टी वेगळ्या, हे मुलग्यांना याच वयात कळलं पाहिजे. पुढे ते कुठल्या वर्गात शिकणार आहेत?

मला पालक विचारतात, तुम्ही मुलांना राजकारण शिकवता का? मी म्हणते, हो, विषयाचं नावच ते आहे. पण मत कुणाला द्यावं हे मी कधी सांगितलेलं नाही, आणि विचारलं तरी सांगत नाही. कायदा काय म्हणतो, निकाल काय लागला, कोण कशाच्या बाजूनं बोललं, एवढं स्वच्छ मांडायचं. हुंड्याच्या बाबतीत ‘दोन्ही बाजू’ मांडा असं मला एका वरिष्ठांनी सुचवलं होतं. दुसरी बाजू त्यांनीच येऊन मांडावी असं मी म्हटलं. ते आले नाहीत.

आता तुमच्याबद्दल थोडं स्पष्ट बोलते, राग मानू नका. संघटनेच्या बायका वर्गात येतात, गाणं होतं, घोषणा होतात, मुली टाळ्या वाजवतात. पण एकदा एका पाहुण्या कार्यकर्तीनं भर वर्गात विचारलं, ‘कुणाकुणाच्या घरी वडील आईला मारतात, हात वर करा.’ एक हात वर आला. दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली नाही, पुढे आठवडाभर आली नाही. असं करू नका. आम्हाला तुमच्याकडून भाषण नको, कागद हवेत. नावं-गावं काढून टाकलेली केस, माहितीच्या अधिकारात मागवलेलं उत्तर, तंटा मिटवताना लिहून घेतलेला कागद. तो वाचून मुलंच प्रश्न विचारतील.

दुसरं, मतदार नोंदणी. एकसष्टाव्या दुरुस्तीनं १९८९ पासून अठराव्या वर्षी मत मिळालं. मी बारावीत अर्ज भरून घेते तेव्हा मुलग्यांचे पटापट येतात आणि मुलींच्या घरून निरोप येतो, ‘आता कशाला, लग्नानंतर सासरीच घालू नाव.’ म्हणजे मुलगी नागरिक होणार तीही नवऱ्याच्या पत्त्यावर. इथे माझं एकटीचं चालत नाही. त्या आयांना तुम्ही बचत गटात रोज भेटता, तुमचं त्या ऐकतील.

आणि शेवटचं. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असं आपल्या राज्याचा कायदा सांगतो. किती गावांत ती खरंच होते आणि किती ठिकाणी घरोघरी रजिस्टर फिरवून अंगठे घेतले जातात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. ज्या गावात ती खरोखर होत असेल तिची तारीख मला चार दिवस आधी कळवा. माझ्या मुली अठराच्या आतल्या आहेत, त्या हात वर करणार नाहीत, मागे बसून वहीत टिपून घेतील. येण्याजाण्याच्या एसटीचं आम्ही बघू. दुपारच्या भाकरीची सोय तेवढी तुम्ही करा.